ग्रॉमिटच्या भुवईवरचा ठसा: मातीचे विनोदी लघुपट घरी, थांबवून थांबवून पाहताना

‘द राँग ट्राउझर्स’ची डिस्क हाताशी असेल तर लावा आणि ग्रॉमिट या मातीच्या कुत्र्याचा चेहरा जवळून दिसेल अशा कुठल्याही दृश्यात पॉज दाबा. डोळ्यांवरच्या त्या जाडसर भुवईकडे नीट पाहा. तिथे माणसाच्या बोटाचा ठसा दिसेल. आता एकेक फ्रेम पुढे सरका. ठसा जागा बदलतो, मग पुसला जातो, शेजारी दुसरा उमटतो. चित्रपट सलग पाहताना यातलं काही वेगळं कळत नाही. मातीच्या अंगावर एक हलकी थरथर तेवढी जाणवते. थांबवलं की उलगडतं, की ती थरथर म्हणजे दर दोन फ्रेमच्या मध्ये कुणीतरी येऊन त्या कुत्र्याला हात लावून गेल्याची खूण आहे.

वॉलेस आणि ग्रॉमिट ही जोडी निक पार्क या इंग्लिश दिग्दर्शकाची. वॉलेस म्हणजे चीजवर जीव असलेला, घरभर यंत्रं करून ठेवणारा एक भाबडा गृहस्थ. ग्रॉमिट हा त्याचा कुत्रा, घरातलं खरं शहाणं माणूस. पहिला लघुपट ‘अ ग्रँड डे आउट’ १९८९ चा, दुसरा ‘द राँग ट्राउझर्स’ १९९३ चा आणि तिसरा ‘अ क्लोज शेव्ह’ १९९५ चा. ब्रिस्टल शहरातल्या आर्डमन स्टुडिओचं नाव जगभर झालं ते या तिघांमुळे. दुसऱ्या आणि तिसऱ्याला ऑस्कर मिळालं. पहिल्यालाही नामांकन होतं, पण त्या वर्षीचं ऑस्कर गेलं ‘क्रिएचर कम्फर्ट्स’ या पाच मिनिटांच्या लघुपटाला, आणि तोही निक पार्कचाच होता.

हे लघुपट लहानपणी पाहून ‘मुलांचं आहे’ म्हणून बाजूला ठेवलेले बरेच जण आहेत. त्यांनी ते पुन्हा पाहावेत, आणि या वेळी रिमोट हातात धरून पाहावेत, असं मला मनापासून वाटतं. यांतला विनोद संवादांत थोडा आहे. बाकी सगळा फ्रेमच्या हिशोबात आहे: भुवई कधी खाली आली, किती वेळ तिथे थांबली, डोळा कोणत्या क्षणी वळला. हा हिशोब थिएटरात कळत नाही, घरी कळतो. आणि म्हणूनच डिस्क कशी बनवली आहे, टीव्ही कसा लावला आहे, यानेसुद्धा विनोद बनतो किंवा बिघडतो. ते कसं, हेच इथे सविस्तर सांगायचं आहे.

माती, सांगाडा आणि टाचणी

आधी माती. आपल्याकडे माती म्हटलं की गणपतीची शाडू डोळ्यांसमोर येते. शाडू पाण्यात मळतात, मूर्ती घडली की ती सुकते, आणि सुकल्यावर वाकवायला गेलं तर तडकते. या लघुपटांना नेमकी उलट गोष्ट हवी असते: महिनोन्‌महिने न सुकणारी माती. ती म्हणजे प्लॅस्टिसिन. विल्यम हार्बट नावाच्या एका कलाशिक्षकाने ती १८९७ मध्ये इंग्लंडमधल्या बाथ शहराजवळ बनवली. तिच्यात पाणी नसतंच. खडूची भुकटी, पेट्रोलियम जेली आणि मेणासारखी स्निग्ध आम्लं यांचं ते मिश्रण असतं. पाणीच नाही, तर उडून जाणार काय? त्यामुळे ती वाळत नाही. मात्र दिव्यांच्या उष्णतेने मऊ पडते, आणि बोटांना चिकटलेला दुसरा रंग लगेच उचलते. ग्रॉमिट फिकट रंगाचा आहे. त्याला हात लावण्याआधी दर वेळी हात पुसावे लागतात, नाहीतर वॉलेसच्या हिरव्या बंडीचा रंग कुत्र्याच्या गालावर जाऊन बसायचा.

नुसत्या मातीची बाहुली उभी राहत नाही. स्वतःच्या वजनाने ती खचते. म्हणून आत धातूचा सांगाडा असतो. साध्या बाहुलीत पीळ दिलेली अॅल्युमिनियमची तार, आणि मोठी कामं करणाऱ्या बाहुलीत स्टीलचे, खांद्याच्या सांध्यासारखे गोलाकार फिरणारे सांधे. हे सांधे एवढे घट्ट लागतात की हात जिथे नेऊन सोडावा तिथेच राहावा, आणि एवढे सैल की तो हलवताना बाकीची बाहुली सरकू नये. चालताना एक पाय हवेत असतो तेव्हा दुसऱ्या पायाला जमिनीखालून स्क्रूने किंवा लोहचुंबकाने धरून ठेवतात.

डोळे मातीचे नसतात. ते टणक मणी असतात आणि बुबुळाच्या मधोमध बारीक भोक असतं. अॅनिमेटर त्या भोकात टाचणी घालून डोळा फिरवतो. असं केलं की पापणीच्या मातीला धक्का लागत नाही. पॉज करून ग्रॉमिटच्या बुबुळात पाहिलंत तर चांगल्या प्रतीत ते भोकही सापडतं.

एका सेकंदाची किंमत

चित्रपट म्हणजे भराभर दाखवलेले स्थिर फोटो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. सिनेमात सेकंदाला २४ फोटो, ब्रिटिश टीव्हीवर २५. माती अॅनिमेशनमध्ये यातला एकेक फोटो वेगळा काढायचा. बाहुली किंचित हलवायची, चौकटीबाहेर व्हायचं, फोटो घ्यायचा, पुन्हा आत जायचं. अर्ध्या तासाचा चित्रपट २४ च्या हिशोबाने ४३,२०० फोटोंचा होतो.

हे काम आवाक्यात आणायची एक जुनी रीत आहे. दर स्थितीचे दोन फोटो घ्यायचे. म्हणजे सेकंदाला १२ हालचाली पुरतात. या धंद्यात त्याला ‘टूज’वर काम करणं म्हणतात. हालचाल फार वेगाची असेल किंवा कॅमेराच सरकत असेल तर प्रत्येक फोटोला नवी स्थिती लागते, ते ‘वन्स’. घरी फ्रेमवार पुढे जाताना हा फरक स्पष्ट दिसतो. बटण दाबलं तर चित्र हलत नाही, पुन्हा दाबलं की हलतं, पुन्हा एकदा स्थिर. आणि मध्येच एखाद्या दृश्यात दर दाबाला चित्र बदलायला लागतं. तिथे समजावं की इथे मेहनत दुप्पट झाली आहे, आणि दिग्दर्शकाला तिथे काहीतरी खास हवं होतं.

फ्रेमगणिक चित्रीकरणाचा हा मार्ग मराठी माणसाला परका नाही. दादासाहेब फाळक्यांनी १९१२ मध्ये, ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी, कुंडीतल्या वाटाण्याला कोंब फुटून वेल वाढते ती ठरावीक वेळाने एकेक फ्रेम घेत चित्रित केली होती. भांडवल देणाऱ्यांना विश्वास वाटावा म्हणून केलेली ती छोटी फिल्म, ‘अंकुराची वाढ’. पुढे त्यांनी काड्यापेटीतल्या काड्या एकेक करून सरकवत ‘आगकाड्यांची मौज’ हा छोटा चित्रपटही केला. वाटाणा आपणहून वाढत होता, काडीला मात्र हात लावून हलवावं लागलं. अॅनिमेशन सुरू होतं ते या हात लावण्यापासून.

ग्रॉमिटला तोंड का नाही

‘अ ग्रँड डे आउट’ निक पार्कने १९८२ मध्ये बीकन्सफील्डच्या राष्ट्रीय चित्रपट आणि टेलिव्हिजन शाळेत, विद्यार्थी असताना सुरू केला. १९८५ मध्ये तो आर्डमनमध्ये नोकरीला लागला. पीटर लॉर्ड आणि डेव्हिड स्प्रॉक्स्टन या दोघांनी १९७२ मध्ये काढलेला हा स्टुडिओ तेव्हा लहानच होता. स्टुडिओचं काम सांभाळून, त्यांच्याच मदतीने त्याने हा लघुपट १९८९ ला पुरा केला. तेवीस मिनिटांसाठी सात वर्षं.

सुरुवातीच्या बेतात ग्रॉमिट बोलणार होता. त्याला तोंड असणार होतं, आवाजही ठरत होता. मग ते दार कापण्याचं दृश्य आलं. वॉलेसला चंद्रावर जायला रॉकेट बांधायचं आहे. तो दार आडवं ठेवून करवतीने कापतोय, आणि त्या दाराला खालून आधार म्हणून ग्रॉमिट उभा आहे, सुताराच्या लाकडी घोड्यासारखा. दार पाठीवर असल्यामुळे ग्रॉमिटच्या तोंडापर्यंत हात नीट पोहोचेना. पार्कने नुसते डोळे आणि भुवई हलवून पाहिली. आणि त्याला उमगलं की एवढ्याने सगळं सांगून होतंय: वैताग, सहनशीलता, ‘याला आता काय बोलावं’ ही भावना. तोंड रद्द झालं. ग्रॉमिटने आजवर एक शब्द उच्चारलेला नाही.

हे दृश्य आवाज बंद करून, हळू चालवून पाहाच. भुवई म्हणजे मातीची एक वळी. तिचं आतलं टोक अंगठ्याने किंचित खाली दाबलं की राग, वर उचललं की काळजी, एकच बाजू वर गेली की शंका. आणि प्रत्येक भावनेनंतर ती वळी काही काळ जागेवर थांबते. त्या थांबण्यातच हसू आहे. प्रेक्षकाने कुत्र्याच्या मनातलं वाचावं एवढी उसंत त्या थांबण्याने मिळते. उसंत कमी पडली तर वाचायला वेळ नाही, जास्त झाली तर बाहुली मेल्यासारखी दिसते. कुठे किती थांबायचं हे पार्कला कुणी आकड्यांत सांगितलं नव्हतं. तुम्ही मात्र ते रिमोटने मोजू शकता.

वॉलेसचं उलट आहे. त्याला तोंड आहे आणि ते दिवसेंदिवस रुंद होत गेलं आहे. त्याला आवाज दिला पीटर सॅलिस या नटाने. विद्यार्थी असलेल्या पार्कने त्याला विचारलं, सॅलिसने आवडत्या धर्मादाय संस्थेला ५० पौंड देण्याच्या बोलीवर काम केलं, आणि सहा-सात वर्षांनी चित्रपट पुरा झाल्याचा फोन आला. सॅलिसची ‘चीज’ म्हणण्याची पद्धत अशी होती की त्यातली ई लांबत लांबत जायची. ती ओठांवर बसवायची तर गाल दोन्ही बाजूंना ताणले गेले पाहिजेत. तिथून वॉलेसचा चेहरा बदलला. पहिला आणि तिसरा लघुपट पाठोपाठ लावलेत तर चेहऱ्यातला हा फरक लगेच नजरेत भरतो. ‘अ ग्रँड डे आउट’ वर्षानुवर्षं बनत राहिल्यामुळे एका चित्रपटातसुद्धा वॉलेसची ठेवण थोडी थोडी बदलत जाते.

आवाज नेहमी आधी ध्वनिमुद्रित होतो. मग तो फ्रेमवार कागदावर उतरवतात: या फ्रेमला ‘म’, म्हणजे ओठ मिटलेले, पुढच्या दोन फ्रेमना ‘आ’, असं. त्या तक्त्याप्रमाणे तोंडं बसवायची. पुढे पुढे वॉलेससाठी तयार तोंडांचा संचच ठेवू लागले. ‘म’चं तोंड काढून ‘ई’चं लावायचं आणि जोड मातीने सारवायचा. पॉज केल्यावर नाकाखाली हा जोड कधी कधी दिसून जातो. ‘क्रिएचर कम्फर्ट्स’ची सगळी गंमत या ओठांच्या जुळणीवर आहे. त्यात खऱ्या माणसांच्या मुलाखती घेतल्या आणि ते आवाज प्राणीसंग्रहालयातल्या प्राण्यांच्या तोंडी घातले. माणसाचं अडखळणं, ‘अं’ म्हणणं, वाक्य अर्धवट सोडणं, सगळं जसंच्या तसं ठेवलं आहे.

फेदर्स मॅकग्रॉ हलत नाही

‘द राँग ट्राउझर्स’चा खलनायक एक पेंग्विन आहे. वॉलेसला पैशांची चणचण, म्हणून तो खोली भाड्याने देतो. भाडेकरू येतो फेदर्स मॅकग्रॉ. हळूहळू तो ग्रॉमिटला घरातून उठवतो, आणि वॉलेसच्या यांत्रिक विजारीचा ताबा घेऊन झोपलेल्या वॉलेसकरवी संग्रहालयातला हिरा चोरवतो.

आता या पेंग्विनकडे अॅनिमेटरच्या नजरेने पाहा. भुवई नाही. तोंडाची हालचाल नाही. डोळे म्हणजे दोन काळे मणी, त्यांत बुबुळसुद्धा नाही. ग्रॉमिटचं सगळं बोलणं ज्यातून होतं ते ते याच्याकडून काढून घेतलंय. त्याचं अॅनिमेशन मुख्यतः स्टीव्ह बॉक्स याने केलं, आणि ते बहुतांशी न हलण्याचं अॅनिमेशन आहे.

मातीच्या बाहुलीला पूर्ण स्थिर ठेवणं धोक्याचं असतं, कारण स्थिर झाली की ती वस्तू वाटते. म्हणून बाकीच्या पात्रांना थांबलेलं दाखवतानाही अॅनिमेटर पापणी मिटवतात, मान तसूभर वळवतात. फेदर्सच्या बाबतीत हा नियम जाणूनबुजून मोडला आहे. तो उभा राहतो आणि नुसता उभाच राहतो. मग मान एकाच झटक्यात वळते. त्या अचल काळ्या मण्यांत काय चाललंय हे प्रेक्षक स्वतः भरतो, आणि जे भरतो ते भीतीचंच असतं. वर छायाचित्रणही जुन्या गुन्हेपटांच्या धाटणीचं: खालून लावलेला कॅमेरा, भिंतीवर लांबलेल्या सावल्या. आणि एवढ्या थंड गुन्हेगाराचा वेष काय, तर डोक्यावर घातलेला लाल रबरी हातमोजा. मोजा चढवला की तो कोंबडी होतो, आणि या जगात ते सगळ्यांना पटतं. मोजा काढल्यावरच वॉलेस त्याला ओळखतो. मला हा प्रसंग या तिन्ही लघुपटांतला सर्वांत उत्तम विनोद वाटतो. त्यात कुणीही चेहरा हलवलेला नाही.

फेदर्सचा पाठलाग करताना ग्रॉमिट पुठ्ठ्याच्या खोक्यात लपून, डोळ्यांपुरती भोकं पाडून पाहत असतो. तो तुकडा फ्रेमवार पाहण्यासारखा आहे. एका बाजूला काहीच न सांगणारे मणी आणि दुसऱ्या बाजूला भोकांतून दिसणारे, सगळं सांगणारे डोळे.

खेळण्यातली रेल्वे आणि अस्पष्ट भिंत

आणि मग तो रेल्वेचा पाठलाग. दिवाणखान्यातल्या खेळण्याच्या रेल्वेवर पेंग्विन पळतोय, मागच्या डब्यावर ग्रॉमिट. रूळ संपत आलेत, आणि ग्रॉमिट खोक्यातून सुटे रूळ काढून धावत्या गाडीच्या पुढे एकेक तुकडा जोडत सुटतो. पाहताना श्वास घ्यायला फुरसत मिळत नाही. पण इतका वेग आला कुठून? गाडी तर प्रत्येक फोटोला थांबलेलीच होती.

इथे थोडं तंत्र समजून घ्यावं लागेल. खऱ्या कॅमेऱ्याने धावता माणूस टिपला तर प्रत्येक फ्रेममध्ये तो किंचित फराटलेला असतो, कारण शटर उघडं असलेल्या क्षणभरातही तो पुढे सरकतो. हा फराटा डोळ्याला ‘वेग’ म्हणून कळतो. बाहुलीचा फोटो मात्र ती पूर्ण थांबलेली असताना निघतो, म्हणून प्रत्येक फ्रेम लख्ख असते. लख्ख फ्रेम भराभर दाखवल्या की हालचाल तुटक, कटकट वाटते. संथ दृश्यात ते गोड दिसतं. पाठलागात ते मारक ठरतं.

यावर तोडगा असा काढला की कॅमेरा आणि गाडी जोडीने सरकवायची, आणि तीही शटर उघडं ठेवून. गाडी कॅमेऱ्याच्या मानाने जागची हलत नाही, म्हणून ग्रॉमिट स्पष्ट येतो. मागची भिंत मात्र कॅमेऱ्यासमोरून सरकते, म्हणून तिच्यावरचा कागद आडव्या रेषांत फराटतो. संगणकाने नंतर घातलेला हा परिणाम नाही. त्या फोटोच्या वेळीच, फिल्मवर, प्रकाशाने तो उमटलेला आहे. पॉज केल्यावर ग्रॉमिटच्या नाकावरचा ठसा ठळक आणि मागची भिंत धूसर, असं चित्र मिळतं. या एका फ्रेमसाठी चांगली डिस्क विकत घ्यावी, असं मी कुणालाही सांगेन.

कॅसेट, डीव्हीडी, ब्लू-रे

आता घरच्या प्रतींकडे. व्हीएचएस कॅसेटवर हे सगळं दिसत नव्हतं. पॉज केलं की पडद्यावर पांढरे पट्टे यायचे, चित्र थरथरायचं, आणि एका ओळीत मावणारा तपशील फारच कमी. कॅसेटवर बाहुल्या गुळगुळीत वाटत.

डीव्हीडीने पहिल्यांदा स्वच्छ पॉज दिला. आपल्याकडची आणि ब्रिटनची जुनी टीव्ही पद्धत एकच, पाल, सेकंदाला २५ चित्रांची. त्यामुळे ब्रिटिश डीव्हीडीवर फ्रेमवार जाणं सरळ असतं. अमेरिकी डिस्क एनटीएससी पद्धतीच्या. तिथे २४ चित्रं सेकंदाला साठ अर्ध्या चित्रांत बसवायची म्हणून काही दोनदा आणि काही तीनदा वापरतात. थांबवल्यावर मधूनच दोन फ्रेमची सरमिसळ दिसते, कडा कंगव्याच्या दातांसारख्या. पाहायला हरकत नाही, पण हिशोब मोजायचा असेल तर ती प्रत उपयोगाची नाही. शिवाय डीव्हीडीचे प्रदेश ठरलेले आहेत: भारत पाचव्यात, ब्रिटन दुसऱ्यात. ब्लू-रेमध्ये भारत सी आणि ब्रिटन बी. परदेशातल्या नातेवाइकांकडून डिस्क मागवण्याआधी आपला प्लेअर ती वाचतो का हे पाहून घ्या.

पाल डीव्हीडीचं चित्र ७२० बाय ५७६ ठिपक्यांचं, ब्लू-रेचं १९२० बाय १०८०, म्हणजे नेमके पाचपट ठिपके. पण नुसत्या ठिपक्यांनी ठसा दिसत नाही. दोन गोष्टी आड येतात.

पहिली, दाबून बसवणं. डिस्कवर प्रत्येक चित्र पूर्ण ठेवत नाहीत. अधूनमधून एक पूर्ण चित्र, आणि मधल्यांसाठी ‘काय बदललं’ एवढीच नोंद. माती अॅनिमेशनमध्ये पार्श्वभूमी स्थिर असते, ते सोयीचं. पण मातीचा पृष्ठभाग सतत बारीक बदलतो, आणि फिल्मचे रवे, म्हणजे चित्रावर दिसणारे बारीक कण, तर प्रत्येक फ्रेमला नवे. जागा कमी पडली की सॉफ्टवेअर सगळ्यांत बारीक बदल आधी टाकून देतं. सगळ्यांत बारीक बदल म्हणजे आपला ठसा.

दुसरी गोष्ट जास्त घातक आहे: रवे काढण्यासाठी केलेली ‘सफाई’. हे सॉफ्टवेअर शेजारशेजारच्या फ्रेम ताडून पाहतं. जे एका फ्रेममध्ये आहे आणि पुढच्यात नाही, ते घाण समजून पुसतं. नव्या कॅमेऱ्याने काढल्यासारखं चकचकीत चित्र मिळावं हा त्यामागचा हेतू. आता विचार करा: क्षणभर दिसून नाहीसा होणारा बोटाचा ठसा या सॉफ्टवेअरच्या लेखी काय असेल? सफाई जास्त झाली की ग्रॉमिट प्लास्टिकचा होतो. म्हणून ‘चित्र किती स्वच्छ आहे’ ही या लघुपटांच्या प्रतीची कसोटी धरू नये. थोडे रवे दिसणारी प्रत बहुधा अधिक प्रामाणिक असते. ‘अ ग्रँड डे आउट’ १६ मिलिमीटर फिल्मवर काढलेला आहे, आणि तिची चौकट ३५ मिलिमीटरच्या चौकटीच्या चौथ्या भागाहूनही लहान. त्यात रवे भरपूर दिसणारच. तो दोष मानू नका.

आवाजातही प्रतींचा फरक आहे. ‘द राँग ट्राउझर्स’च्या सुरुवातीला ग्रॉमिटचा वाढदिवस आहे, आणि भेटकार्ड उघडल्यावर सूर वाजतो. मूळ प्रसारणात तो ‘हॅपी बर्थडे’चा होता. त्या सुराच्या हक्काचा खर्च टाळण्यासाठी काही घरगुती आवृत्त्यांत त्याजागी ‘फॉर ही इज अ जॉली गुड फेलो’ घातला. ग्रॉमिटच्या चेहऱ्यावरचे भाव तेच आहेत, पण तुमच्या आठवणीतला सूर आणि डिस्कवरचा सूर जुळला नाही तर कारण हे असू शकतं.

या प्रती जपण्याला आणखी एक कारण आहे. १० ऑक्टोबर २००५ रोजी ब्रिस्टलमध्ये आर्डमनच्या गोदामाला आग लागली, आणि जुने सेट, बाहुल्या, कागदपत्रं यांतलं बरंच काही जळून गेलं. त्यातल्या कित्येक वस्तू आता पाहायच्या तर पडद्यावरच.

याच घराण्यातलं आणखी पाहायचं असेल तर आर्डमनचाच मॉर्फ आहे. १९७७ मध्ये टोनी हार्टच्या चित्रकलेच्या कार्यक्रमात आलेला, टेबलावर गोळा होऊन घरंगळणारा तपकिरी माणूस. स्वित्झर्लंडचा पिंगू आहे, त्याची भाषाच कुठल्या देशाची नसल्यामुळे घरातल्या लहानांना अनुवाद लागत नाही. आणि मुंबईत सुरेश एरियत यांच्या स्टुडिओ ईकसॉरसने केलेला ‘टोकरी’ हा मातीचा लघुपट तर पाहावाच. तो विनोदी नाही. वडिलांचं घड्याळ हातून बिघडलेली एक मुलगी ते दुरुस्त करायला रस्त्यावर टोपल्या विकते, एवढीच गोष्ट. पण ‘टूज’ काय असतं, थांबणं काय असतं, हे ग्रॉमिटवर शिकलेला डोळा तिथे बरंच काही वेचतो.

शेवटी टीव्हीची एक सेटिंग, कारण चांगली डिस्क आणून लावल्यावरही सगळ्यावर पाणी फिरवणारी गोष्ट तीच आहे. बहुतेक नव्या टीव्हींत हालचाल गुळगुळीत करण्याची सोय आधीपासूनच चालू असते. प्रत्येक कंपनी तिला वेगळं नाव देते, पण ‘मोशन’ हा शब्द बहुधा त्यात असतो. दोन फ्रेमच्या मध्ये टीव्ही स्वतःच्या अंदाजाने तिसरी बनवून घालतो. क्रिकेटच्या चेंडूला ते ठीक. इथे मात्र पार्कने मुद्दाम ठेवलेली तुटकता टीव्ही भरून काढतो, भुवईचा झटका लोण्यासारखा घसरतो, आणि फेदर्सची ती एका झटक्यात वळणारी मान हळूच वळते. त्या पेंग्विनची भीतीच जाते. पिक्चर सेटिंगमध्ये जाऊन ही सोय पूर्ण बंद करा. ‘फिल्ममेकर मोड’ असेल तर तो लावा, त्यात ती आपोआप बंद होते. सोबत ‘नॉइज रिडक्शन’ आणि ‘शार्पनेस’ही शून्यावर किंवा अगदी खाली आणा. आधी एकदा सगळा चित्रपट न थांबता पाहा. पॉजचं बटण दुसऱ्या वेळेला.